व्हे प्रोटीन पावडर घेण्याचे फायदे-तोटे काय?

चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्याचीच ही पावडर. स्टेरॉइड वगैरे काही नाही. एका स्कूपमध्ये साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात, ती लवकर पचतात आणि त्यातलं ल्युसिन (प्रथिनातला एक घटक, अमिनो आम्ल) स्नायूंच्या बांधणीला चालना देतं. अर्थात व्यायाम न करता नुसत्या पावडरीने दंड फुगत नाहीत! व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. तेवढी जेवणातून मिळत असतील तर पावडरीचा डबा घेऊच नका.

दूध पचत नसेल तर गॅस, पोटफुगी होऊ शकते. अशांना आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली व्हे पावडर) बरं, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर कमी. दुधाची ॲलर्जी असेल तर तेही नको. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.