स्कूटर एक, भावंडं दोन

बाब, अनेक आशीर्वाद.

मडगाव स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना तू जेवण नेतोस, म्हणून बहीण चिडते, आणि तुझ्या लेखी ती स्वार्थी. मला तसं दिसत नाही. नर्सिंगच्या परीक्षेला बसणारी मुलगी रात्री क्लासवरून पायी येते, कारण स्कूटर तू नेलेली असते. घरी गॅसवर पंधरा जणांचा भात. भांडण दयामायेचं नाहीच, स्कूटरचं आणि सिलिंडरचं आहे.

आधी वार ठरव. आठवड्यातून दोनच संध्याकाळी, तिचा क्लास नसेल तेव्हा. पगारातली ठरावीक रक्कम वेगळी काढ. ती संपली की त्या महिन्याचं काम थांबलं. तिच्या फीला हात लावायचा नाही. आणि जेवायला बसल्यावर स्टेशनवरच्या म्हाताऱ्याची जखम सांगून तिला ओशाळं करणं बंद कर.

भात तर नेऊच नकोस. गरम भात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासन्‌तास ठेवला की त्यात जंतू वाढतात. वास येण्याआधीच त्यांचं विष तयार होतं, आणि पुन्हा तापवूनही ते जात नाही. पाव, केळी, सोललेली नसलेली उकडलेली अंडी ने. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात. तेव्हा सुकं फडकं आणि रबरी चपला जेवणाइतक्याच लागतात. जखमेत किडे दिसले तर पट्टीने झाकू नकोस, १०८ ला फोन कर.

खरं काम मात्र वहीचं. नाव, गाव, भाषा, घरी कोण, कुठले कागद हरवले. आधार हरवलं असेल तर केंद्रावर ठसे जुळवून नंबर परत मिळतो. मजुरीने बोटं झिजलेल्यांचे ठसे जुळत नाहीत, त्यांच्यासाठी डोळ्यांचं स्कॅन करायला सांग. निराधार म्हाताऱ्यांसाठी प्रोव्हेदोरियात, म्हणजे गोवा सरकारच्या सार्वजनिक मदत संस्थेत, चौकशी कर. कपड्यांचं भान नसलेला, स्वतःशीच बडबडणारा कुणी भटकताना दिसला तर थेट पोलीस ठाण्यात जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्याला २४ तासांत सरकारी इस्पितळात पोचवणं त्यांचं काम आहे. कोठडीत डांबता येत नाही. बांबोळीला मनोरुग्णांचं इस्पितळ आहेच.

जखम धुवायची कशी, हे बहिणीला विचार, पण परीक्षा झाल्यावर. तोवर स्कूटरची चावी तिच्याकडे. तू बसने जा, पावाची पिशवी मांडीवर घेऊन.