हॉब्स म्हणतो माणूस मुळात दुष्ट, रूसो म्हणतो मुळात सज्जन. मग ज्ञानोदयाच्या तत्त्वज्ञांचे खरे मत कोणते?

राज्यशास्त्राच्या गाइडांमध्ये हॉब्स आणि रूसो यांची जोडी वर्षानुवर्षे अशीच छापली जात असल्याने आपल्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु दोघांच्या तोंडी घातलेली ही वाक्ये त्यांच्या ग्रंथांशी नीट जुळत नाहीत, आणि त्या काळातला अधिक महत्त्वाचा वाद माझ्या मते निराळ्याच दोन माणसांमध्ये झाला.

हॉब्स हा इंग्रज तत्त्वज्ञ खरे तर ज्ञानोदयाच्या, म्हणजे अठराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवादी विचारप्रवाहाच्या, आधीचा. त्याचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ १६५१ साली, इंग्लंडमधील यादवी युद्ध संपत आले असताना प्रसिद्ध झाला. कायदे आणि अंमलदार असतानाही तुम्ही प्रवासाला शस्त्र घेऊन का निघता, निजताना दारे का लावून घेता आणि स्वतःच्या घरातल्या पेट्यांना कुलपे का घालता, असे तो त्यात वाचकालाच विचारतो. एवढे विचारून माणसाला पापी ठरवील तर तो हॉब्स नव्हे; माणसाच्या इच्छा आणि विकार हे मुळात पाप नव्हेत, असे तो तिथेच स्पष्ट लिहितो. त्याचा मुद्दा असा की, वर कोणाचाच धाक नसेल तर भल्या माणसालासुद्धा समोरच्याच्या भीतीपोटी आधी हात उगारावा लागतो.

रूसोचा विषमतेच्या उगमावरील निबंध १७५५ सालचा. निसर्गावस्थेतील, म्हणजे समाज आणि राज्य निर्माण होण्यापूर्वीच्या, माणसांचे एकमेकांशी नाते नव्हते, कर्तव्ये नव्हती, त्यामुळे त्यांना चांगले किंवा वाईट म्हणताच येत नाही, असे तो त्यात म्हणतो; त्यांच्यापाशी होती ती स्वतःचा जीव जपण्याची ओढ आणि दुसऱ्याचे दुःख पाहून होणारी कालवाकालव. बिघाड कुठे सुरू झाला, हे सांगणारा त्याचा परिच्छेद मला संपूर्ण निबंधात सर्वांत मार्मिक वाटतो. लोक झोपड्यांपुढे किंवा एखाद्या मोठ्या झाडाभोवती जमून गाऊ-नाचू लागले, प्रत्येक जण इतरांना न्याहाळू लागला आणि आपल्यालाही कोणी न्याहाळावे असे त्याला वाटू लागले. जो उत्तम गाई, जो देखणा असे, जो बोलण्यात चतुर असे, त्याला मान मिळू लागला, आणि विषमतेकडे पहिले पाऊल तिथे पडले. पुढे 'एमिल'मध्ये (१७६२) त्याने माणसाचा मूळ स्वभाव चांगला असल्याचे उघड प्रतिपादन केले, म्हणजे गाइडवाले अगदीच निराधार नाहीत. पॅरिसच्या आर्चबिशपने त्या ग्रंथाचा निषेध केला, कारण माणूस जन्मतःच पापी असतो, या आदिपापाच्या ख्रिस्ती शिकवणीला त्याने सरळ धक्का बसत होता.

मी ज्या वादाला अधिक महत्त्व देतो तो हेल्व्हेशियस आणि दिदेरो या दोन फ्रेंच विचारवंतांचा; माणूस जन्माने घडतो की शिक्षणाने, हा त्याचा विषय. मनात जन्मजात कल्पना नसतात, ही इंग्रज तत्त्वज्ञ लॉकची भूमिका फ्रान्समध्ये फार पुढे ताणली गेली. कोंदियाक या फ्रेंच तत्त्वज्ञाने १७५४ साली एक पुतळा कल्पून त्याला आधी केवळ घ्राणेंद्रिय दिले आणि एकेका संवेदनेतून संपूर्ण मन कसे घडेल ते दाखवले. हेल्व्हेशियसने त्याहून धाडसी विधान केले: शरीराने धडधाकट अशा सर्व माणसांची बौद्धिक पात्रता सारखीच असते, आणि जो फरक दिसतो तो शिक्षणाचा आणि परिस्थितीचा. त्याचा १७५८चा ग्रंथ पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जाळण्यात आला.

दिदेरो हा त्याच गोटातला, पण त्याला हे पटेना. शिकारी कुत्र्यांच्या जाती पाहा, असे तो म्हणतो. वास काढणाऱ्या कुत्र्याचे नाक तुम्ही धावणाऱ्या कुत्र्याला शिकवून देऊ शकत नाही, मग माणसाच्या बाबतीतच शरीररचनेला शून्य किंमत कशी? शिक्षण सर्व काही करते असे म्हणू नका, पुष्कळ काही करते असे म्हणा, अशी दुरुस्ती तो सुचवतो. वस्तुस्थिती पाहता मला दिदेरोचे म्हणणे पटते. मात्र जन्मावर आधारलेल्या दर्जाला सुरुंग लावण्याची ताकद हेल्व्हेशियसच्या अतिशयोक्तीतच जास्त होती, हेही मान्य करावे लागते. शिवाय दिदेरोचे हे खंडन त्याच्या हयातीत छापून आले नाही, ते १८७५ साली ग्रंथरूपाने निघाले; त्यामुळे बेंथमसारख्या इंग्रज सुधारकाने हेल्व्हेशियसपासून स्फूर्ती घेतली, तेव्हा ही दुसरी बाजू छापील स्वरूपात कुठेच उपलब्ध नव्हती.