अब्बा म्हणतात सब ठीक है

गावात धर्मावरून वातावरण बिघडलंय, आईवडील तिकडे आणि मी इथे नोकरीला, मग त्यांना सरळ इकडे घेऊन यावं का, हा प्रश्न आजकाल बऱ्याच जणांकडून येतो. त्यातली एक केस सांगते, नाव-गाव बदललंय आणि त्याला विचारूनच लिहितेय.

समीर हिंजवडीत जॉबला, घर मराठवाड्यात तालुक्याच्या गावी. अब्बा टेलर, शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून गावात राडा झाला, स्टेटस टाकणाऱ्या पोराशी यांचा काडीचाही संबंध नाही, तरी "यांच्या दुकानात जाऊ नका" असे मेसेज फिरायला लागले आणि ऐन जूनच्या तोंडावर युनिफॉर्मची ऑर्डर गेली. समीर रात्रभर तसलेच व्हिडिओ बघायचा, उठसूट घरी फोन, सामान बांधा पुण्याला या एवढाच धोशा. अब्बांचं उत्तर ठरलेलं, सब ठीक है, तू काम पे ध्यान दे.

मी त्याला म्हटलं, या वेळी पुण्याचा विषयच काढू नकोस, अम्मीला फक्त विचार की रोजचं काय काय अडतंय. तर निघालं काय, अम्मीच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात कारण मेडिकलला जायचं तर भर चौकातून जावं लागतं, आणि बहीण कॉलेजला जात नाहीये. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण काही सांगितलं की हा घाबरा होऊन आरडाओरडा करतो. म्हणजे काळजीपोटी केलेल्या फोनांमुळेच घरचे गप्प झालेले! हे मी खूप घरांत बघते.

मग फोन रात्री एकदाच, जेवणानंतर. अब्बांचे जुने मित्र, एक रिटायर्ड गुरुजी, त्यांना मदत मागायला अब्बांना लाज वाटत होती, समीरने मागितली, गुरुजी संध्याकाळी दुकानात येऊन बसायला लागले, गोळ्याही तेच आणून देतात. पैसे अब्बा घेईनात, म्हणून बहिणीची फी याने परस्पर भरली.

गाव सोडायचं की नाही हे अब्बांनीच ठरवायचं, आयुष्य गेलंय त्यांचं त्या मशीनवर. पण कधी निघायचं हे मात्र डोकं शांत असताना ठरवून घ्यायला लावलं: नाव घेऊन धमकी आली, घरावर दगड आला किंवा बहिणीचा कुणी पाठलाग केला, तर चर्चा नाही, त्याच दिवशी खालाकडे, म्हणजे मावशीकडे. घराच्या कागदांचे फोटो समीरच्या फोनमध्ये. मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर-तारखेसकट ठेवायचे, फॉरवर्ड करायचे नाहीत, ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. तातडीला ११२. भडकवणाऱ्या मेसेजसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, आणि ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार पोस्टाने एसपींना पाठवता येते. अब्बांना तक्रार नको होती, रहना तो यहीं है म्हणाले. समीर चिडला. मला तरी त्यांचं म्हणणं पटलं, निदान धमकी येईपर्यंत.

ऑर्डर काही परत आली नाही, ब्लाउज आणि फॉल-पिकोवर दुकान चाललंय. बहीण कॉलेजला जाते. समीरची झोप अजून पुरती सुधारली नाही, रात्री व्हिडिओ बघायचे नाहीत हा नियम तो मधूनमधून मोडतोच. तुमचंही असंच होत असेल आणि समुपदेशकाकडे जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.