शाळेतून नाव काढण्याआधी पोटदुखीची वही ठेवा

(समुपदेशन अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“शाळेतून काढून घरीच शिकवलं तर चालेल का?” हा प्रश्न पालक आता वरचेवर विचारतात, आणि पुढच्या वर्षाची फी भरायची वेळ आली की जास्तच.

या प्रकरणातला मुलगा पाचवीत, इंग्रजी माध्यमात. वर्गात ४५ मुलं. रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. आई नोकरी सोडून त्याला घरी शिकवायला तयार होती. बाबांना दहावीच्या परीक्षेचा घोर होता, आणि आजीचं म्हणणं, “चार पोरांत मिसळायला कधी शिकणार तो?” तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

आईने उदाहरण दिलं ते मालविका जोशीचं. मुंबईच्या या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली, घरी अभ्यास केला, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला. उदाहरण खरं आहे. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही तितकंच खरं. पालकांनी या गोष्टीचे दोन्ही भाग ऐकावेत असा आमचा आग्रह असतो.

घरच्या शिक्षणाची मोठी जमेची बाजू म्हणजे लक्ष. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला चार तास. ते ४५ मुलांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं येतात. घरी तेच मूल दोन तास मोठ्या माणसाच्या समोर असतं. ज्याला एखादी गोष्ट चारदा समजावून हवी असते, त्याला हा फरक फार मोठा असतो.

तरीही या कुटुंबाला आम्ही लगेच होकार दिला नाही. मूल कशापासून पळतंय हे कळल्याशिवाय शाळा बदलणं किंवा सोडवणं म्हणजे अंदाजपंचे औषध देणं.

आधी वही. शाळेचे १५ दिवस रोज चार गोष्टी लिहायच्या: वार, दुखायला लागलं ती वेळ, त्या दिवशीचे तास, थांबलं ती वेळ. शिवाय मुलाला सहज, जेवताना-बिवताना विचारायचं: डबा कोणाबरोबर खातोस, बसमध्ये कुठे बसतोस, शाळेत शू-शीला जातोस का. शेवटचा प्रश्न पालक विसरतात. स्वच्छतागृह घाण असलं की मुलं दिवसभर रोखून धरतात, आणि नुसत्या तेवढ्यानेही पोट दुखतं. या मुलाच्या बाबतीत तसं नव्हतं. चिडवणारंही कोणी नव्हतं. उलट दोन जिवलग मित्र होते. वहीत मात्र दिसलं की खेळाच्या तासाचा दिवस दुखण्याविना जातो आणि डिक्टेशन किंवा प्रकटवाचन असलं की हमखास दुखतं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे घरी शिकवून पाहायचं ठरलं, शाळेतलं नाव न काढता. पहिल्या आठवड्यात जे बहुतेक घरांत होतं तेच झालं. आईने फळा लावला, सात तासिकांचं वेळापत्रक केलं आणि चौथ्या दिवशी दोघंही रडकुंडीला आले. कारण साधं आहे. वर्गातल्या तासाचा बराच वेळ हजेरी, वह्या वाटणं, उतरवून घेणं यात जातो आणि मुलाला मध्येमध्ये दम खायला मिळतो. घरी समोरासमोर बसलेल्या मुलाला तो मिळत नाही. म्हणून या वयाला सलग २०-२५ मिनिटं, मग उठून काहीतरी हाताचं काम, आणि दिवसाचा एकूण अभ्यास दोन ते अडीच तास, एवढं पुरतं.

वेळापत्रक बदलल्यावर गणित आणि विज्ञान मजेत होऊ लागलं. वाचनाची वेळ आली की मात्र पोट दुखायला लागायचं. आता तिथे बाई नव्हत्या, हसणारी मुलं नव्हती. शाळा घरी आली तसं दुखणंही घरी आलं, आणि या प्रयोगातून कळायला हवं होतं ते नेमकं हेच.

यानंतरची चाचणी कोणीही घरी करू शकतं. दुसरीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकातला उतारा मुलाला मोठ्याने वाचायला द्या. मग पाचवीचा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. हा मुलगा दुसरीच्या उताऱ्यात जोडाक्षरांवर अडला, ओळी गाळल्या. ऐकलेल्या पाचवीच्या उताऱ्याची उत्तरं मात्र त्याने धडाधड दिली. समज उत्तम आणि अक्षरांशी झटापट, तीही घरच्या भाषेत, म्हणजे अडचण इंग्रजी माध्यमापुरती नाही. अशा वेळी डोळे आणि कान तपासून अध्ययन अक्षमतेची (समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) चाचणी करून घ्यावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

चाचणीत वाचन-लेखनाची अक्षमता निघाली. मुलगा शाळेतच राहिला, आणि आमच्या मते ते बरं झालं. मित्र तिथे होते, खेळ तिथे होता, आणि मुख्य अडचण घरी बसून सुटणारी नव्हती. वर्गशिक्षिकेकडे तीनच गोष्टी मागितल्या: अचानक उभं करून वाचायला लावू नये, प्रकटवाचनाचा उतारा आदल्या दिवशी द्यावा, चाचणीचे प्रश्न वाचून दाखवावेत. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका आणि घरी रोज २० मिनिटं वाचन. आईची नोकरी टिकली. परीक्षेच्या दिवशी पोट अजून दुखतं, एरवी फारसं नाही.

वहीत वेगळं चित्र निघालं असतं तर सल्लाही वेगळा असता. अभ्यास घरी आनंदाने होतोय आणि भीती फक्त शाळेच्या वातावरणाची आहे, किंवा खेळाचा-संगीताचा सराव दिवसाचे चार-पाच तास घेतोय, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाकडे रोज तीन तास खरोखर मोकळे आहेत, अशा घरात घरचं शिक्षण उत्तम चालतं. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधावं लागतं. आठवड्यातून किमान तीनदा, तीच ती मुलं, आणि त्यात भांडायला-मिटवायला मोकळा वेळ. नुसता चित्रकलेचा क्लास लावून हे साधत नाही. शाळेच्या नावावर भरल्या जाणाऱ्या क्रीडास्पर्धाही हातच्या जातात, हे खेळाडूंच्या पालकांनी आधी लक्षात घ्यावं.

आता बाबांचा घोर. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतो. घरच्या शिक्षणाची वेगळी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे त्या वर्षांचा कागद मिळत नाही. परतायचं झालं तर वयानुरूप इयत्तेत प्रवेशाची तरतूद त्याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे: वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालते. राज्य मंडळात १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही बसता येतं, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो घेताना जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा, कारण पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात. मुक्त शाळेचं केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यात दहावी-बारावी कुठून झाली हे पाहिलं जातं.