टपालपेटीवर कुणाचं नाव?

‘मॅडम, कशाचीच कमी नाही. नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे. पण माझं मनच लागत नाही इथं. परत येऊ का?’

मी समुपदेशक. जर्मनीहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की पहिलं वाक्य सुरू झालं की शेवटचं काय असणार ते कळतं. बहुतेकींचे नवरे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरी-निवासाच्या परवान्यावर गेलेले इंजिनीअर. बायको काही महिन्यांनी, आपली चांगली चाललेली नोकरी सोडून मागून गेलेली. प्रश्न विचारतानाचा सूर मात्र गुन्हा कबूल केल्यासारखा. त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही मुलगी फिजिओथेरपिस्ट. सहा वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलेली, पेशंट जिचं नाव घेऊन यायचे अशी. नवऱ्याची कंपनी श्टुटगार्टजवळ, ऑफिसातला सगळा कारभार इंग्रजीत. त्यामुळे त्याचं जर्मन ‘गुटन मॉर्गन’च्या पुढे गेलेलं नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला तिथं अकरावा महिना लागला होता.

‘सहा महिन्यांत माणूस रुळतो म्हणतात. मी नेटवर तो आलेखपण बघितला. आधी वर, मग खाली, मग परत वर. माझा कधी वर जाणार?’

तो आलेख जुना आहे. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९५५ मध्ये ती कल्पना मांडली, अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून. पुढच्या अभ्यासांत तो तसाच्या तसा काही सापडला नाही, हे वेगळं. मी तिला एवढंच विचारलं, ‘ही माणसं गेली तेव्हा तिकडे त्यांची वाट कोण बघत होतं?’

‘युनिव्हर्सिटी.’

‘आणि तुझी?’

‘नवरा,’ ती पटकन म्हणाली. मग जरा थांबून, ‘पण मी फिजिओ म्हणून यावं, अशी वाट कुणीच बघत नव्हतं.’

तिचा प्रश्न ‘कधी’चा नव्हताच. ‘एव्हाना मी रुळायलाच हवं होतं, नाही रुळले म्हणजे माझ्यातच खोट आहे,’ हा निकाल ती आधीच लावून आली होती. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. प्रसंग माणसाला छळतो त्याहून जास्त त्याबद्दलचा ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट छळतो, ही त्याची शिकवण मला इतक्या वर्षांत कुणी खोटी ठरवून दाखवलेली नाही. पण हे समोरच्याला सांगून उपयोग नसतो. ते त्याच्या हातून निघावं लागतं.

संधी लवकरच आली. एका सोमवारी ती रडवेली होऊन म्हणाली, ‘समोरच्या आजींनी आमच्या दाराला पाटी अडकवलीय. आम्ही घाण करतो हे सगळ्यांना दाखवायला.’

‘काय लिहिलंय पाटीवर?’

‘केअरवोखे.’

मला हसू आवरावं लागलं. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्टुटगार्टच्या त्या श्वाबेन भागातली ही जुनी पद्धत. इमारतीचा जिना, बोळ, दारापुढचा फुटपाथ राहणाऱ्यांनी आळीपाळीनं झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी, आठवडा संपला की ती पुढच्या दारावर. म्हणजे आजींनी आपली पाळी संपवून पाटी पुढे सरकवली होती, एवढंच. पण अकरा महिन्यांत तिला हे माहीत कसं नाही? तर आजवर पाटी नवराच उतरवून ठेवायचा आणि शनिवारी ती उठायच्या आत जिना झाडून मोकळा व्हायचा. ‘तिला कशाला त्रास.’ त्या आठवड्यात तो कामासाठी बाहेरगावी होता.

तिला मी दोन ओळी लिहायला सांगितल्या. पाटीवर काय होतं ते एकीत, तिनं काय वाचलं ते दुसरीत. पहिली ओळ एका शब्दाची झाली, दुसरी पान भरून. ते पान वाचताना तिची तीच हसायला लागली. शनिवारी तिनं जिना झाडला. आजी बाहेर आल्या, कौतुकबिवतुक काही नाही, पायपुसणं उचलून त्याखालीही झाडायचं असतं एवढं खुणेनं दाखवून आत गेल्या. ‘मला चक्क बरं वाटलं,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदा इथं कुणीतरी मला काम सांगितलं.’

हे वाक्य मी टिपून ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच उलगडलं.

ती भाषेचा वर्ग लावणार होती, ते गेले कित्येक महिने ‘लावणार’च होतं. कारणं विचारली तर एकेक निघे. थंडी आहे. वर्ग लांब आहे. मग एकदा बोलता बोलता सहज म्हणून गेली, ‘आणि माझी पत्रं येतच नाहीत. टॅक्स नंबरचंसुद्धा आलं नाही. जर्मन पोस्टाची एवढी कीर्ती ऐकली होती, पण आपलं पोस्ट बरं!’

मी तिला थांबवलं. जर्मनीत घर लागलं की १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, ते आनमेल्डुंग. त्यानंतर ११ आकडी करक्रमांक पोस्टानं घरी येतो. निवासकार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, बँकेचे कागद, सगळं पोस्टानं. आणि तिथल्या पत्त्यात बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. आडनाव नाही, तर पत्र आलं तसं परत.

‘पेटीवर काय लिहिलंय?’

‘असेल की आमचं नाव.’

‘बघून ये ना आत्ता. मी थांबते.’

ती फोन घेऊनच खाली गेली. कॅमेरा हलत होता, जिन्यातला दिवा आपोआप लागला. पत्र्याच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर छापील पट्टी. त्यांच्या पेटीवर एकच आडनाव होतं, नवऱ्याचं. तिनं लग्नानंतर आडनाव बदललेलं नव्हतं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की घास हातातून जातो.

‘अकरा महिने,’ ती म्हणाली. ‘मी इथं राहतच नाही, मॅडम.’

‘तू राहतेस. पेटीला माहीत नाही.’

‘मी ह्याला सांगते. तो हाउसमाइस्टरला, इमारतीची देखभाल करणाऱ्याला, मेल टाकेल.’

‘हाउसमाइस्टरला मेल कोणी टाकायची?’

‘त्यानंच. करार त्याच्या नावावर आहे… मला जर्मन कुठं येतंय?’

‘त्याला येतं?’

ती गप्प झाली, आणि मग इतकी मोकळी हसली, की तिचा तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. नवरा तर इतके दिवस भाषांतराच्या अ‍ॅपवरच सगळं निभावत होता. ते अ‍ॅप तिच्याही फोनमध्ये होतं.

मेल तिनंच लिहिली, त्याच रात्री, चार ओळींची. उत्तर एका ओळीचं आलं आणि पुढच्या आठवड्यात पेटीवर आणि खालच्या बेलवर नवी पट्टी लागली, दोन आडनावांची. करक्रमांकाचं पत्र पुन्हा मागवता येतं, तेही तिनंच ऑनलाइन मागवलं. ते हातात आलं तेव्हा पाकीट न फोडताच तिनं मला फोटो पाठवला. इतक्या रुक्ष सरकारी पाकिटाचा फोटो मला आजवर दुसऱ्या कुणी पाठवलेला नाही.

‘आधी मन लागू दे, मग बाहेर पडते,’ असं म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं असतं, की क्रम उलटा आहे. ती मनाला समजावत बसली होती आणि मन बरोबर सांगत होतं, की इथं माझं काहीही नाही. भाडेकरार, वीज, इंटरनेट, बँक, विमा, सगळं एका नावावर. अशा घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो, आणि पाहुण्याला काही दिवसांनी आपल्या घरची आठवण येणारच. त्यात आजार कुठला?

नवऱ्याशीही बोलले. तो खरंच भला माणूस. ‘मॅडम, मी तिला कशालाही हात लावू देत नाही, तरी ती सुखी नाही,’ म्हणाला.

‘“तरी” नाही, “म्हणून”,’ मी म्हटलं. ‘डॉक्टरची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, तुम्ही घेता, दुकानात तुम्ही बोलता, जिना तुम्ही झाडता. तिला चुकायला जागा ठेवा थोडी.’

त्याला ते झोंबलं असावं, पण पटलं. पुढच्या महिन्यात इंटरनेट बंद पडलं तेव्हा कंपनीच्या हेल्पलाइनवर ती बोलली आणि तो शेजारी हातावर हात ठेवून बसला. पाऊण तास गेला. ‘बघणं कठीण होतं,’ असं त्यानं नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नवरा काळजीनं सगळं करतो ते वेगळं, आणि पासपोर्ट आपल्याकडे ठेवतो, पैसे देत नाही, बाहेर जाऊ देत नाही ते वेगळं. दुसरं असेल तर ‘रुळण्या’च्या गप्पा बंद. ११६ ०१६ हा जर्मनीतला स्त्रियांसाठीचा मदतीचा फोन आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि अनेक भाषांत बोलतो. जिवाला धोका असेल तर ११०, पोलीस.

बाकीच्यांसाठी, मी जे प्रत्येकीला सांगते ते सांगते. आनमेल्डुंगला स्वतः जा, घरमालकाचा दाखला लागतो तो स्वतः हातात ठेवा. पेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव पहिल्याच दिवशी. स्वतःच्या नावाचं बँक खातं, त्यात थोडेच का होईना पैसे. गावच्या वाचनालयाचं कार्ड. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची मुभा असते आणि ती निवासकार्डावर लिहिलेली असते. हे माहीत नसलेल्या कितीजणी मला भेटल्यात! जोडीदार म्हणून व्हिसावर येताना जर्मन येण्याची अट त्यांना नसते, आणि तीच सवलत पुढे अंगाशी येते, कारण अट नाही म्हणून शिकणं राहून जातं. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज असं असतं. व्हीएचएस, म्हणजे लोकांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था, बहुतेक शहरांत आणि मोठ्या गावांत आहे. गाडी चालवत असाल तर भारतीय लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतं. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

आईशी बोलण्याबद्दल मी जरा कडक आहे. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे नवरा आठला बाहेर पडला की आईचं दुपारचं जेवण उरकत आलेलं. फोन सुरू होतो तो दीड-दोन तास. भाजी काय, कोण आलं, कोण गेलं. त्या वेळात मुलीचं शरीर जर्मनीत आणि घर माहेरी. फोन बंद करा असं मी कुणालाच म्हणत नाही. फक्त तो सकाळी नको, वर्गाहून आल्यावर करा. तेव्हा तुमच्याकडेही सांगायला काहीतरी असतं.

आणि परतीचा निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेऊ नये, हा माझा नियमच आहे. डिसेंबरात तिथं आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. त्या उजेडात कुठलाच हिशेब नीट दिसत नाही. दोन-तीन आठवडे झोप उडाली, भूक गेली, उठावंसंच वाटेना, तर मात्र वाट बघू नका. आपल्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा.

‘पण परत आले तर हरले ना?’ हे तिनं मला अगदी शेवटी-शेवटी विचारलं. नाही. काहीजणी परत आल्या, विचार करून आल्या, आणि छान आहेत. मला खटकतं ते ‘आत्ता नाहीतर कधीच नाही’ असं तिकीट काढणं. तिची भीती अशी होती, की दोन-तीन महिने माहेरी राहिलं तर व्हिसाच जाईल. प्रत्यक्षात साधारण परवान्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि ब्लू कार्डधारक व त्यांच्या कुटुंबाला १२ महिन्यांची. हे कळल्यावर ती सहा आठवडे येऊन गेली. कुणी ‘कायमची आलीस का’ विचारलं तर ‘नाही, वर्ग सुरू होतोय’ म्हणायची.

सध्या तिचं जर्मनच्या बी-टू पातळीचं शिक्षण चालू आहे. फिजिओथेरपीला जर्मनीत सरकारी मान्यता लागते आणि तेवढं जर्मन यावंच लागतं. पदवीच्या कागदांची अधिकृत भाषांतरं करून तिनं अर्ज दिला, तेव्हा शिक्षणात काही विषय कमी पडतात असं उत्तर आलं. आता तिला दोन पर्याय आहेत, तिथल्या संस्थेत काही काळ प्रशिक्षण घेणं किंवा सरळ परीक्षा देणं. नवऱ्याला वाटतं परीक्षा द्यावी, लवकर सुटेल. तिला प्रशिक्षण घ्यायचंय, पेशंटबरोबर राहून. या विषयावर दोघांचं सध्या जोरात भांडण चालू आहे, आणि मी मुद्दामच मध्ये पडलेली नाही.