नालीत पडून पाय मोडला, तर ग्रामपंचायतीवर दावा करता येतो काय?

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नातवाचा लाकडी बैल घेऊन परतताना चौकातील नालीवरच्या फुटक्या ढाप्यातून माझा पाय आत गेला आणि गुडघ्याखालचे हाड मोडले. ढापा उन्हाळ्यापासून फुटलेला होता. भगदाडावर कोणीतरी बाभळीची फांदी टाकली होती, ती गर्दीत बाजूला सरली. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले, यंदाची कापूस वेचणीही बुडाली. सरपंच म्हणतात, ग्रामपंचायतीवर केस होत नसते. हे खरे आहे काय?
– एक वाचक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, हे खरे नाही. दावा करता येतो. मात्र महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 180 प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती पोचल्यावर एक महिना थांबावे लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. वेचणी सुरू आहे म्हणजे त्यातला बराच काळ सरला आहे, तेव्हा आधी दिवस मोजा आणि नोटिशीचा महिना या सहांतच धरून चाला. नोटिशीत अपघाताची हकिकत, मागितलेली रक्कम, आपले नाव व पत्ता असावा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

खरा कस पुराव्यात लागेल. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड पडून मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबाचा दावा मात्र त्याच न्यायालयाने 1997 मध्ये फेटाळला, कारण झाड पडेल हे पालिकेला आधी कळायला हवे होते, असे सिद्ध झाले नाही. तुमचा ढापा त्या झाडासारखा नाही. तो महिनोन्‌महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर फुटलेला होता, आणि बाभळीची ती फांदी हीच त्याची खूण आहे. ती कोणी टाकली ते शोधा, त्या माणसाची साक्ष मोलाची ठरेल. ग्रामसभेत हा विषय निघाला असल्यास इतिवृत्ताची नक्कल आणि रस्ता ग्रामपंचायतीच्या ताब्यात असल्याचे दाखवणाऱ्या नमुना 23 ची नक्कल माहिती अधिकारात मागवा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, तर नोटीस राज्य शासनाला आणि दोन महिन्यांची द्यावी लागेल. दवाखान्याच्या बिलांबरोबर वेचणीची बुडालेली मजुरीही मागा.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पाय अजून टेकवत नसेल, तर घरच्या कोणाला तरी याच आठवड्यात डिस्चार्ज कार्ड व बिले देऊन तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा.