प्रवासाचा ब्लॉग सुरू करायचाय, तो आकर्षक दिसावा म्हणून काय करावं आणि थीम कोणती घ्यावी?

थीमचं शेवटी सांगतो, कारण माझ्या मते ती सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. मी स्वतः ट्रेकला निघायच्या आधी मराठी ब्लॉग धुंडाळत बसणाऱ्यांपैकी, आणि पोटापाण्याला वेबसाइटचीच कामं करतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं.

नुसते छान फोटो बघायला आता ब्लॉगवर कोण येतंय हो, त्याला इन्स्टा आहे, रील्स आहेत. ब्लॉगवर माणूस येतो तेव्हा त्याचं जायचं जवळपास ठरलेलं असतं, शुक्रवारची रात्र असते, ग्रुपवर 'गाडी कोणाची' चालू असतं आणि रीलमध्ये जे कोणी सांगत नाही ते त्याला हवं असतं. हरिश्चंद्रगडच घ्या. कोकणकड्याचे फोटो ढिगाने मिळतील, पण पाचनईवरून जावं की खिरेश्वरवरून टोलार खिंडीतून, हे कोण सांगणार? पाचनईची वाट जवळची आणि सोपी, नवख्यांना घेऊन जाता येतं, खिरेश्वरची लांब आणि दमवणारी, आणि बेलपाड्यावरून नळीच्या वाटेने जायचं असेल तर कातळटप्पे चढायची सवय आणि सोबत माहितगार माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच. 'गड अप्रतिम आहे, एकदा अवश्य भेट द्या' एवढंच लिहिलेल्या पोस्टमध्ये यातलं काहीच नसतं. पावसाळ्यात धुकं असलं तर कड्यावर उभं राहूनही समोर नुसतं पांढरं दिसतं, हेसुद्धा लिहा की. त्याने कोणी जायचं थांबत नाही, उलट तुमच्या बाकीच्या लिहिण्यावर भरवसा बसतो.

असल्या कामाच्या गोष्टी पोस्टच्या अगदी वर एका साध्या चौकटीत टाका. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, नेरळवरून माथेरानला जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी नेता येत नाही, हे तुमच्या तेराव्या परिच्छेदात सूर्यास्ताच्या वर्णनानंतर सापडलं तर त्याचा काय उपयोग? आणि तुम्ही कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी गेला होतात ते लिहाच लिहा. कासला सप्टेंबरमध्ये फुललेलं पठार बघून तारीख नसलेल्या पोस्टच्या भरवशावर कोणी एप्रिलमध्ये गेला तर वाळलेलं गवत बघून येणार आणि शिव्या तुम्हाला घालणार.

आता दिसण्याचं. इथे मराठी ब्लॉगवाले एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे बहुतेक थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधली जागा जास्त लागते, लाइन हाइट १.७ च्या आसपास ठेवून बघा, तेच पान एकदम मोकळं वाटायला लागतं. अक्षरांमधलं अंतर, ते लेटर स्पेसिंग, शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शीर्षक दात पडल्यासारखं दिसतं. दोन्हीकडून सरळ केलेला मजकूर मोबाइलवर नको, आपले शब्द लांब, मध्ये मोठमोठ्या फटी पडतात. फॉन्टसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत. आणि सेटिंगमध्ये पानाची भाषा मराठी करून ठेवा, काही फॉन्टमध्ये तेवढ्याने ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात (मला हे फार खुपतं, इतरांना खुपत नसेलही). फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरं तर विसरूनच जा, पायथ्याच्या गावात भर उन्हात मोबाइल धरून वाचणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

त्याच पायथ्याशी रेंज पण एकच काडी असते. मोबाइलमधला फोटो आहे तसा चढवला तर सहज ४-५ एमबीचा असतो, असे तीस फोटो म्हणजे पान उघडतच नाही आणि माणूस कंटाळून मागे जातो. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी (WebP) या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, फोटो २००-३०० केबीत बसतो आणि फरक कोणाला कळतही नाही. आणि तीस कशाला, दहा लावा, पण त्यात एक फोटो वाट जिथे फुटते त्या जागेचा असू द्या. तो दिसायला भिकार असला तरी लोक स्क्रीनशॉट त्याचाच काढतात.

पोस्टची लिंक रोमन अक्षरांत आणि छोटी ठेवा. देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर पेस्ट केली की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची खिचडी होते आणि ती बघून कोणी क्लिक करत नाही. गावाचं, गडाचं नाव मजकुरातही एकदा रोमनमध्ये येऊ द्या, शोधणारे खूप जण तसंच टाइप करतात.

लिहिण्याबद्दल जास्त काय सांगू, बोलता तसं लिहा. गावात कोणाच्या ओसरीवर जेवलात, पिठलं-भाकरीचे किती पैसे दिले, परत येताना शेवटची एसटी किती वाजता होती, हे वाचायला मजा येते आणि कामाला पण येतं. 'निसर्गाच्या कुशीत' हा शब्दप्रयोग मात्र कृपा करून टाळा.

राहिली थीम. वर्डप्रेसवर असाल तर जनरेटप्रेस नाहीतर ॲस्ट्रा, दोन्ही हलक्या आहेत आणि फुकटवाल्या व्हर्जनमध्ये भागतं. ब्लॉगरवर असाल तर त्यांच्याच तयार थीमपैकी सगळ्यात साधी घ्या, आणि साइडबारमधलं ते घड्याळ, हलणारे विजेट आणि आपोआप वाजणारी बासरी आधी काढून टाका.